मुक्त सॉफ्टवेअरमध्ये नव्या भागाचा स्वीकार : परीक्षणाची रीत

बीदर जिल्ह्यातील हुलसूर हे पूर्वी बसवकल्याण तालुक्यातील गाव; आता ते स्वतःच तालुक्याचे ठिकाण झाले आहे. १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यात होता. राज्यपुनर्रचनेनंतर तो तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात समाविष्ट झाला. कचेरीतील कागद कन्नडमध्ये आणि घरातील बोलणे मराठीत, ही येथील अनेक कुटुंबांची नित्याची स्थिती होय. अशा गावी संगणकावर एखादा अर्ज, एखादी निमंत्रणपत्रिका किंवा एखाद्या संस्थेचा अहवाल तयार करावयाचा झाला, तर एकाच यंत्रावर दोन लिप्या नांदवाव्या लागतात.

आता असे समजा, की मराठी मजकुरात 'शेतकऱ्यांना' हा शब्द टंकलिखित करावयाचा आहे. कळ दाबल्यापासून कागदावर शब्द उमटेपर्यंत कळफलकाची रचना, अक्षरांचे सांकेतिक क्रमांक, अक्षरे जुळविणारी यंत्रणा आणि फॉन्ट असे सॉफ्टवेअरचे अनेक भाग एकापाठोपाठ काम करतात. त्यांपैकी एकानेही चूक केली, तर 'शेतकऱ्यांना' ऐवजी 'शेतकर्यांना' असे काहीतरी उमटते. ही चूक कोणी करावी आणि कोणी पकडावी, याची काही व्यवस्था असते काय? असते, आणि ज्यांना मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात त्या प्रकल्पांत ती व्यवस्था सर्वांच्या डोळ्यांसमोर चालते. तिचा परिचय करून देणे, आणि तिच्यात मराठी वाचकाचे स्थान कोणते हे सांगणे, हा या लेखाचा हेतू आहे.

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय?

संगणकाला दिलेल्या सूचनांचा संच म्हणजे सॉफ्टवेअर. या सूचना प्रथम माणसाला वाचता येईल अशा स्वरूपात लिहिल्या जातात. त्या मूळ लेखनाला 'सोर्स कोड' म्हणतात. पुष्कळशा कंपन्या हे मूळ लेखन गुप्त ठेवतात आणि ग्राहकाला केवळ यंत्राला समजणारे रूप विकतात. मुक्त सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र मूळ लेखन सर्वांना खुले असते. ते वाचण्याची, त्यात बदल करण्याची आणि बदललेली प्रत इतरांना देण्याची मुभा परवान्यानेच दिलेली असते. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी अमेरिकेत 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली आणि १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 'लिनक्स' हा गाभा प्रसिद्ध केला. या दोन घटनांपासून या चळवळीला आजचे रूप येत गेले. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान विभागानेही २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरच्या स्वीकाराविषयीचे धोरण जाहीर केले. यास्तव हा विषय केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही. तो प्रशासनाचा आणि नागरिकांचाही झाला आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. 'ज्यात कोणीही बदल करू शकतो' असे म्हटले, की 'मग कोणीही काहीही घुसडू शकेल' अशी शंका सहजच येते. वस्तुस्थिती निराळी आहे. स्वतःजवळच्या प्रतीत कोणीही हवा तो बदल करावा. परंतु प्रकल्पाच्या मूळ प्रतीत, जिच्यावरून लाखो यंत्रांवर प्रती जातात, नवा भाग समाविष्ट करण्यासाठी परीक्षणाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. लिहिण्याचे स्वातंत्र्य सर्वांना असते. स्वीकार मात्र परीक्षणानंतरच होतो.

एका अक्षराची गोष्ट

परीक्षणाची आवश्यकता किती आहे, हे मराठीतल्याच एका अक्षरावरून स्पष्ट होईल. मराठीत 'र' ला 'य' जोडण्याच्या दोन रीती आहेत. 'दर्या' म्हणजे समुद्र. येथे 'र' रफाराच्या रूपाने 'य' च्या डोक्यावर बसतो. 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा. येथे 'र' लहानशा आडव्या खुणेच्या रूपाने 'य' च्या डावीकडे येतो. 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' या दोन वाक्यांतील अंतर ज्याला ठाऊक आहे, त्याला या खुणेचे महत्त्व निराळे सांगावयास नको. पहिल्याने गुरुजन येतील, दुसऱ्याने स्वयंपाकी. हिंदीला या खुणेची गरज नाही. त्यामुळे हिंदी डोळ्यांपुढे ठेवून तयार केलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ती नीट उमटते की नाही, हे तपासण्याची आठवणही सहसा कोणाला होत नाही.

जगातील लिप्यांच्या अक्षरांना सांकेतिक क्रमांक देणारी 'युनिकोड' ही प्रमाणपद्धती आहे. तिच्यात ही खूण दोन प्रकारे लिहिता येते. एक प्रकार म्हणजे खाली टिंब असलेला 'ऱ' घेऊन त्याचा पाय मोडणे. दुसरा प्रकार म्हणजे साध्या 'र' चा पाय मोडून त्यापुढे 'झिरो विड्थ जॉइनर' नावाचे अदृश्य जोडचिन्ह ठेवणे. गंमत अशी, की टिंबाचा 'ऱ' युनिकोडमध्ये द्राविडी भाषांतील एका विशिष्ट 'र' च्या लिप्यंतरासाठी नोंदविलेला आहे; मराठी त्याचे अर्धे रूप वापरते. दोन्ही प्रकारांनी कागदावर एकच आकृती दिसते. यंत्राच्या दृष्टीने मात्र हे दोन निराळे शब्द असतात. यादीत एका प्रकाराने लिहिलेला 'शेतकऱ्यांना' हा शब्द दुसऱ्या प्रकाराने शोधला, आणि सॉफ्टवेअरने त्याची विशेष तजवीज केलेली नसली, तर तो सापडत नाही. 'ॲ' या अक्षराचीही अशीच कथा आहे. त्याला स्वतंत्र क्रमांक २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत मिळाला. तत्पूर्वी 'अ' वर चंद्र ठेवून काम भागवावे लागे. त्यामुळे जुने आणि नवे लेखन आजही यंत्राला वेगवेगळे वाटते.

हुलसूरसारख्या सीमेवरील गावात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. कन्नड लिपीतही 'र' च्या जोडाक्षराच्या दोन रीती आहेत. नेहमीच्या रीतीत 'र' चे चिन्ह पुढील अक्षराच्या मागे जाऊन बसते. त्याला 'अर्कावत्तु' म्हणतात. परंतु 'रँक' यासारखा शब्द लिहिताना 'र' पूर्ण ठेवून 'य' खाली जोडावा लागतो. त्यासाठी तेथेही तेच अदृश्य जोडचिन्ह लागते. फरक इतकाच, की मराठीत ते पाय मोडल्यानंतर येते, तर कन्नडमध्ये पाय मोडण्यापूर्वी. आता एखाद्या दूरदेशीच्या प्रोग्रॅमरने 'मजकुरातील न दिसणारी निरुपयोगी चिन्हे काढून टाकणारा' एखादा सोयीचा भाग लिहिला, तर त्याच्या दृष्टीने ती साफसफाई असेल. पण त्याच फटक्यात मराठी 'दऱ्या' चा 'दर्या' होईल आणि कन्नड 'रँक' ही बिघडेल. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्याला ही लिपी वाचता येत नाही, एवढेच. अशा प्रसंगी, तो भाग मूळ प्रतीत जाण्यापूर्वी कोणी जाणता वाचक तेथे हजर असणे, यातच परीक्षणाचे सार आहे.

पुण्याचा 'लोहित' आणि फेडोराची छाननी

मराठीशी निकट संबंध असलेले एक प्रत्यक्ष उदाहरण 'लोहित' या फॉन्टसमूहाचे आहे. या समूहातील आरंभीच्या फॉन्टची रचना पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या संस्थेने केली आणि 'रेड हॅट' कंपनीने २००४ मध्ये ते मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केले. देवनागरीप्रमाणेच कन्नड, गुजराती, बंगाली, तामिळ इत्यादी लिप्यांचे फॉन्ट या समूहात आहेत. म्हणजे हुलसूरच्या एकाच यंत्रावरील दोन्ही लिप्यांना एकाच घराण्यातील अक्षरे मिळू शकतात. पूर्वी मराठी, हिंदी इत्यादी देवनागरी भाषांसाठी वेगवेगळे लोहित फॉन्ट असत. पुढे ते 'लोहित देवनागरी' या एकाच फॉन्टमध्ये सामावून घेण्यात आले. मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' हिंदी वळणाहून भिन्न असतो. भाषा मराठी असल्याचे कळताच त्याच फॉन्टमधून मराठी वळण देण्याची सोय करता येते.

असा फॉन्ट किंवा अन्य कोणताही भाग 'फेडोरा' या लिनक्स-आधारित संचात समाविष्ट करावयाचा असेल, तर पुढीलप्रमाणे छाननी होते.

पहिली पायरी अर्जाची. समावेश इच्छिणारी व्यक्ती तो भाग विहित पद्धतीने बांधून 'पॅकेज' तयार करते आणि सर्वांना दिसेल अशा नोंदवहीत परीक्षणाची विनंती दाखल करते. हे काम प्रथमच करणाऱ्यास एका अनुभवी सदस्याचे प्रायोजकत्व मिळवावे लागते. हा प्रायोजक नवख्याचे काम पाहतो, चुका दाखवितो आणि त्याच्या तयारीविषयी खात्री पटल्यावर त्याला गटात दाखल करून घेतो.

दुसरी पायरी परीक्षकाची. अर्जदाराव्यतिरिक्त अन्य सदस्य परीक्षणाची जबाबदारी स्वीकारतो आणि नोंदीवर तशी खूण करतो. आपल्याच कामास आपणच मान्यता द्यावयाची नाही, हा येथील पायाभूत नियम आहे. शासकीय कार्यालयात देयक तयार करणारा आणि ते मंजूर करणारा एकच नसतो. त्यामागचे तत्त्वही हेच आहे.

तिसरी पायरी कागदपत्रांची. पॅकेजचे नाव नियमाप्रमाणे आहे काय, परवाना मुक्त स्वरूपाचा आहे काय, त्याचा मजकूर सोबत जोडला आहे काय, हे पाहिले जाते. परवान्याच्या बाबतीत सहसा सवलत नसते. फॉन्टच्या बाबतीत तर हा प्रश्न विशेष नाजूक असतो. फॉन्ट दस्तऐवजात अंतर्भूत झाला, की त्या दस्तऐवजालाही फॉन्टचा परवाना लागू होतो काय, अशी शंका काही परवान्यांमुळे उत्पन्न होते. 'ओपन फॉन्ट लायसन्स' या परवान्यात या शंकेचे निराकरण स्पष्ट शब्दांत केलेले आहे. लोहित समूहाने २०११ मध्ये हाच परवाना स्वीकारला.

चौथी पायरी प्रत्यक्ष तपासणीची. अर्जदाराने दिलेली मूळ प्रत आणि मूळ प्रकल्पाने प्रसिद्ध केलेली प्रत या तंतोतंत एक आहेत की नाहीत, हे गणिती खुणेच्या साहाय्याने पडताळले जाते. पॅकेज स्वच्छ यंत्रणेत, म्हणजे अर्जदाराच्या यंत्रावरील कोणत्याही खास सोयीविना, बांधले जाते की नाही हे पाहिले जाते. दुसऱ्या पॅकेजच्या मालकीच्या फायलींवर ते अतिक्रमण तर करीत नाही ना, याचीही पाहणी होते. यांतील पुष्कळसा भाग यंत्राकडून करून घेतला जातो. परंतु निष्कर्ष काढण्याची आणि सही करण्याची जबाबदारी माणसाचीच असते.

पाचवी पायरी दुरुस्तीची. परीक्षकाने दाखविलेले दोष अर्जदार दूर करतो आणि सुधारित प्रत सादर करतो. हे आदानप्रदान कधी एका दिवसात आटोपते, कधी महिनोन्‌महिने चालते. परीक्षक स्वयंसेवक असल्यास विलंब ही नित्याचीच बाब असते. सर्व प्रश्नोत्तरे नोंदीत कायम राहतात. त्यामुळे अमुक निर्णय का घेतला, हे पुढे येणाऱ्यालाही वाचता येते.

सहावी पायरी लोकचाचणीची. मान्यता मिळाल्यावरही पॅकेज तत्काळ सर्वांच्या यंत्रांवर जात नाही. प्रचलित आवृत्तीसाठी ते प्रथम चाचणीच्या शाखेत ठेवले जाते. तेथे कोणीही नोंदणीकृत वापरकर्ता ते वापरून अनुकूल वा प्रतिकूल अभिप्राय देऊ शकतो. साधारणतः सात दिवस लोटल्यावर, किंवा त्यापूर्वीच ठरावीक संख्येने अनुकूल अभिप्राय जमल्यास, ते स्थिर शाखेत जाण्यास पात्र ठरते.

या सहा पायऱ्यांकडे बारकाईने पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येईल. नाव, परवाना, बांधणी, फायली या सर्वांची तपासणी मराठी न जाणणारा परीक्षकही निर्दोषपणे करू शकतो. परंतु 'दऱ्या' हा शब्द 'दर्या' असा उमटत नाही ना, हे सांगणारा नियम या यादीत नाही, आणि असणे शक्यही नाही. ते सांगावयास सहाव्या पायरीवर मराठी वाचणारा माणूसच लागतो. तो तेथे नसेल, तर पॅकेज सर्व परीक्षांत उत्तीर्ण होऊनही मराठीसाठी सदोष राहू शकते.

लिनक्सच्या गाभ्याची शिस्त

लिनक्सचा गाभा हा या जगातील सर्वांत मोठ्या सामुदायिक उपक्रमांपैकी एक आहे. छपाईयंत्र, कॅमेरा, ध्वनियंत्र इत्यादी उपकरणे चालविण्यासाठी त्यात 'ड्रायव्हर' नावाचे स्वतंत्र भाग जोडावे लागतात. येथे प्रत्येक विभागासाठी जबाबदार व्यक्ती, म्हणजे 'मेंटेनर', नेमलेल्या असतात आणि त्यांची यादी मूळ लेखनासोबतच प्रसिद्ध होते. नवा भाग लिहिणाऱ्याने तो लहान लहान तुकड्यांत, प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे समजेल अशा रीतीने, संबंधित मेंटेनरकडे पाठवावयाचा असतो. हजारो ओळी एकदम पुढे ठेवल्या, तर त्या कोणी वाचीत नाही. आणि न वाचता स्वीकारणे म्हणजे परीक्षणच न करणे.

२००४ पासून गाभ्यात येणाऱ्या बदलावर, लिहिणाऱ्याने 'हे काम देण्याचा मला अधिकार आहे' अशा अर्थाची सही करण्याची प्रथा पडली. तो बदल ज्या मेंटेनरच्या हातून पुढे जातो, त्याचीही सही त्याखाली येते. दप्तरातील फाइलीवर टेबलागणिक सह्या पडत जाव्यात, तसाच हा प्रकार होय. नव्या आवृत्तीचे चक्र साधारण नऊ ते दहा आठवड्यांचे असते. त्यातील आरंभीचे दोन आठवडे नवे भाग स्वीकारण्याचे असतात आणि उरलेला काळ केवळ दोषनिवारणाचा. मुदत टळली, की कितीही चांगला भाग असला तरी त्याने पुढील चक्राची वाट पाहावयाची. २००८ पासून, पुरेशी सफाई न झालेल्या ड्रायव्हरसाठी 'स्टेजिंग' नावाची एक वेगळी जागाही राखून ठेवण्यात आली. तेथे राहून भाग सुधारावा आणि योग्यता आल्यावर मुख्य जागी यावा, अशी ही उमेदवारीची सोय आहे.

दोन बोलक्या घटना

या सर्व दक्षतेनंतरही चुका होतात. त्यांपैकी दोन घटना विशेष उद्‌बोधक आहेत.

इंटरनेटवरील व्यवहार गुप्त राखणाऱ्या 'ओपन एसएसएल' या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये २०११ च्या अखेरीस एक नवा भाग समाविष्ट झाला. समोरून येणाऱ्या संदेशाची लांबी सांगितल्याप्रमाणे आहे की नाही, हे पडताळून पाहण्याचे त्यात राहून गेले होते. लिहिणाऱ्याच्या नजरेतून ही उणीव सुटली आणि परीक्षकाच्याही. मार्च २०१२ मध्ये हा दोष प्रसिद्ध आवृत्तीतून जगभर पोहोचला आणि एप्रिल २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' या नावाने उघडकीस आला. मधल्या दोन वर्षांत जगातील असंख्य सर्व्हरच्या स्मृतीतून, प्रत्येक खेपेस ६४ किलोबाइटपर्यंत, गुप्त माहिती चोरता येणे शक्य होते. मूळ लेखन सर्वांना खुले होते; पण 'सर्वांना खुले' म्हणजे 'सर्वांनी वाचलेले' नव्हे, हा या घटनेचा धडा होय.

दुसरी घटना २०२४ मधील आहे. फायली संकुचित करणाऱ्या 'एक्सझेड' या लहानशा प्रकल्पाचा भार दीर्घकाळ मुख्यतः एकाच स्वयंसेवकावर होता. 'जिया टॅन' हे नाव धारण करणाऱ्या अज्ञात व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ उपयुक्त काम करून विश्वास संपादन केला, सहमेंटेनरचा अधिकार मिळविला आणि अखेर ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट पेरली. ती चालू करणारा दुवा सर्वांना दिसणाऱ्या लेखनात नव्हता. तो केवळ वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होता. त्यामुळे 'प्रसिद्ध केलेली प्रत आणि आपली प्रत एकच आहे' ही चौथ्या पायरीवरील पडताळणी बरोबर उतरूनही दोष निसटला, कारण प्रसिद्ध झालेली प्रतच दूषित होती. फेडोरा आणि डेबियन या संचांच्या चाचणीच्या शाखांपर्यंत तो भाग पोहोचला. मार्च २०२४ च्या अखेरीस अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला, दूरच्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे जाणवले. 'असे का व्हावे?' म्हणून त्यांनी मुळापर्यंत शोध घेतला आणि स्थिर शाखांत पसरण्यापूर्वी हा कट उघडकीस आला.

एका ठिकाणी परीक्षक असूनही दोष निसटला. दुसऱ्या ठिकाणी कोणीही न नेमलेल्या, पण सजग अशा वापरकर्त्याने तो पकडला. नियमांची यादी आवश्यकच आहे. तथापि काहीतरी खटकले असता थांबून पाहणारा माणूस त्या यादीइतकाच आवश्यक आहे.

ग्रंथपालही परीक्षक

'संगणकाची भाषा येत नाही, मग परीक्षण कसे करणार?' असा प्रश्न येथे कोणी विचारील. त्याचे उत्तर 'कोहा' या ग्रंथालयीन सॉफ्टवेअरने दिले आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ ग्रंथालयासाठी ते तयार झाले आणि जानेवारी २००० मध्ये तेथे कार्यान्वित झाले. 'कोहा' हा माओरी भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ भेट असा आहे. भारतातील अनेक ग्रंथालयांतही ते वापरले जाते.

कोहामध्ये बदल सुचविणाऱ्याने सोबत तपासणीची कृती क्रमवार लिहून द्यावयाची असते. कोणता पडदा उघडावा, कोणती कळ दाबावी आणि काय दिसावे, हे त्यात सांगितलेले असते. दुसरी एखादी व्यक्ती त्या कृतीप्रमाणे करून पाहते आणि अपेक्षित परिणाम दिसल्यास सही करते. त्यानंतर गुणवत्ता-पथकातील सदस्य लेखनाचे तांत्रिक परीक्षण करतो आणि शेवटी त्या आवृत्तीचा प्रमुख ते मूळ प्रतीत घेतो. यातील पहिली सही करण्यास प्रोग्रॅमिंगचे ज्ञान अनिवार्य नाही. पुस्तक देणे-घेणे ज्याच्या रोजच्या हातातले काम आहे, तो ग्रंथपाल ती करू शकतो. ग्रंथपालांना मूळ यंत्रणेला धक्का न लावता बदल करून पाहता यावेत, यासाठी स्वतंत्र चाचणी-यंत्रणाही उपलब्ध करून दिल्या जातात. मराठी ग्रंथांच्या शीर्षकांचा क्रम नीट लागतो काय, 'ॲ' ने आरंभ होणारी शीर्षके योग्य जागी येतात काय, 'कादंबऱ्या' हा शब्द शोधता सापडतो काय, हे तपासण्यास मराठी ग्रंथपालाहून अधिक अधिकारी कोण असू शकेल?

दोष कसा कळवावा?

दोष कळविण्यातही एक शिस्त असते. 'मराठी नीट दिसत नाही' एवढ्याच तक्रारीवर कोणताही परीक्षक काही करू शकत नाही. उपयुक्त नोंदीत सॉफ्टवेअरचे नाव व आवृत्ती, वापरलेला फॉन्ट आणि कळफलक, कोणत्या कळा कोणत्या क्रमाने दाबल्या, काय उमटावयास हवे होते आणि काय उमटले, या बाबी असाव्यात. पडद्याचे चित्र सोबत जोडावे. एका नोंदीत एकच दोष असावा. तोच दोष पूर्वी कोणी नोंदविला आहे काय, हे आधी शोधावे. असल्यास नवी नोंद न करता तेथेच भर घालावी. मराठी न जाणणाऱ्या परीक्षकास कळावे म्हणून 'दर्या' आणि 'दऱ्या' यांसारखी जोडी अर्थासह द्यावी. रूप बदलले की अर्थ बदलतो, हे एकदा ध्यानात आले म्हणजे 'केवळ दिसण्याचा प्रश्न' म्हणून तक्रार बाजूला पडण्याची शक्यता कमी होते. दुरुस्ती झाल्यावर ती तपासून तसे कळविणे, हेही तक्रार करणाऱ्याचेच काम समजावे. उत्तरास विलंब लागल्यास नम्रतेने स्मरण द्यावे. समोर बहुधा एखादा स्वयंसेवक स्वतःचा फावला वेळ खर्चीत असतो.

विद्यालये, महाविद्यालये, ग्रंथालये आणि मराठी मंडळे यांना या कामी पुष्कळ करता येण्यासारखे आहे. जोडाक्षरांची, 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' असलेल्या शब्दांची, 'ॲ', 'ऑ' आणि 'ळ' यांच्या शब्दांची एक छोटी यादी तयार करून ठेवावी आणि नवी आवृत्ती येताच ती त्यात टंकलिखित करून, छापून आणि शोधून पाहावी. महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमाला व लेखन यांविषयीचे प्रमाणरूप जाहीर केलेले असल्याने कोणते वळण मानावे, याचा आधारही उपलब्ध आहे. अर्ध्या तासाच्या या कामासाठी ना खर्च लागतो, ना विशेष शिक्षण.

मुक्त सॉफ्टवेअरचे दार खुले असते. तथापि त्या दारात उभा असलेला परीक्षक जी लिपी वाचू शकत नाही, तिच्यातील चूक तो अडवू शकत नाही. मराठीची पारख मराठी माणसाखेरीज दुसरा कोण करणार? या दृष्टीने सीमेवरील गावे मागासलेली नव्हेत, तर अधिक सज्ज आहेत. हुलसूरला सकाळी कन्नड अर्ज वाचणारा आणि संध्याकाळी मराठी पत्र लिहिणारा माणूस एका अदृश्य जोडचिन्हाची मराठीतील जागा आणि कन्नडमधील जागा, दोन्हींचा परिणाम स्वतःच्या डोळ्यांनी पाहू शकतो. असा दुहेरी जाणकार मोठ्या शहरांतील संगणक-संस्थांनाही सहजासहजी लाभत नाही. त्याने आपल्याला खटकलेले एक अक्षर योग्य त्या नोंदवहीत नोंदविले, तर ती दुरुस्ती केवळ त्याच्या गावापुरती राहणार नाही. ती स्वीकारली गेल्यावर ते सॉफ्टवेअर वापरणाऱ्या मुंबईच्या मंत्रालयापासून परदेशातील मराठी घरापर्यंत सर्वांच्या पडद्यावर 'शेतकऱ्यांना' हा शब्द जसा लिहावयाचा, तसाच उमटेल.